शेलखारच्या विझलेल्या चुली

बेलापूरच्या एका सरकारी इमारतीत, खाडीकडच्या अंगाला, वकिलांची एक लांबट खोली होती. खोलीच्या टोकाला खिडकीपाशी एक जुनी लाकडी खुर्ची होती आणि त्या खुर्चीत बसायला कुणी आपण होऊन राजी नसायचं.

राजश्री मढवी ही त्या खोलीची प्रमुख. नागरी हक्कांच्या खटल्यांचा खालच्या कोर्टात निकाल लागला, की पुढची अपिलं सरकारच्या बाजूनं लढवायची, हे तिच्या तुकडीचं काम. कुणाला विहिरीवर अडवलं, कुणाला देवळाच्या पायरीवरून उतरवलं, कुणाला हॉटेलात वेगळ्या कपात चहा दिला, अशा माणसांच्या वतीनं ती उभी राहायची. केस पिकले होते, आवाज मात्र अजून भरल्या घागरीसारखा होता.

तिची एक रीत होती. अपिलाच्या आधीच्या शुक्रवारी दुपारचा चहा आला, की तुकडीतल्या एकानं त्या खिडकीच्या खुर्चीत बसायचं आणि समोरच्या बाजूचा वकील व्हायचं. तेही लुटुपुटीचं नाही, जीव तोडून. सगळे तिला उलटी खुर्ची म्हणत. राजश्री म्हणायची, "कोर्टात तोंडावर आपटण्यापेक्षा इथं चहासोबत आपटलेलं बरं."

त्या शुक्रवारी तिनं सुगतला खूण केली. "आज तू बस."

सुगत तुकडीतला सगळ्यात तरुण. कामोठ्यात राहणारा, घरचे मूळचे मराठवाड्यातले, बौद्ध. तो जागचा हलला नाही.

"मॅडम, दुसरी कुठलीही केस द्या. ही नको."

"हीच."

"माझ्या तोंडून हरेश तांडेलची बाजू? आई मला घरात घेणार नाही."

"आईला मी फोन करते. बस."

सोनम, तिथली दुसरी वकील, फाइलमागून हसली. "बस रे. खुर्ची चावत नाही."

केस अशी होती. शेलखार हे खाडीकाठचं जुनं गाव. मिठागरं आणि भातखाचरं गेली, त्यांच्या जागी इमारती उठल्या आणि गावकऱ्यांनी आपल्या जागेत चाळी बांधून भाडेकरू ठेवले. त्यातल्या एका चाळीत रावसाहेब आणि मुक्ताबाई राहायचे. रावसाहेब जालन्याकडचे, अनुसूचित जातीतले, महाप्याच्या एका कारखान्यात वेल्डर. वीस वर्षांहून जास्त काळ त्याच खोलीत. गेल्या उन्हाळ्यात ते वारले. मुलगा अंकुश आणि चार माणसं तिरडी घेऊन गावच्या स्मशानाशी गेली, तर फाटकाला कुलूप आणि कुलपापुढं ग्रामस्थ मंडळाचा अध्यक्ष हरेश तांडेल. स्मशान पालिकेचं, पण किल्ली मंडळाकडं. फाटकावर पाटी होती, 'फक्त ग्रामस्थांसाठी'. सकाळपासून दिवस कलेपर्यंत तिरडी फाटकाशी पडून राहिली. शेवटी अंकुशनं टेम्पो केला आणि बापाला लांबच्या दुसऱ्या स्मशानात नेलं.

खालच्या कोर्टानं हरेशला महिनाभराची कैद आणि दंड सुनावला. हरेशनं अपील केलं. ते आता बुधवारी बेलापूरच्याच सत्र न्यायालयात निघायचं होतं.

मुक्ताबाई मध्यंतरी या खोलीत येऊन गेली होती. अंगानं काटकुळी, डोक्यावर पांढऱ्या लुगड्याचा पदर. पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, त्येंचं तर जे व्हायचं ते झालं. आता माजं बगा. म्या गावाकडं जात न्हाई, तिकडं कोन हाय माजं? म्या हितंच मरनार. मला त्याच वाटंनं न्यावं, त्याच फाटकातून. येवढंच मागनं हाय."

राजश्रीनं तिला "बघू" असं म्हटलं नव्हतं. "होईल" म्हणाली होती, आणि तेव्हापासून तो शब्द तिच्या मानेवर बसला होता. याच धर्तीची मागची दोन अपिलं तुकडी हरली होती. वरच्या मजल्यावर कुजबुज चालू होती की ही वेगळी तुकडी हवीच कशाला.

शिवाय राजश्री स्वतः खाडीकाठचीच, शेलखारपासून तिसऱ्या गावची. नात्यातल्या एका हळदीला तिचा भाऊ शिवा भर पंगतीत ओरडला होता, "आमचे तायला मटण जास्त वाढा रे! नायतर उद्या तुमच्यावर पन केस टाकल. आपल्याच मानसांना आत घालते ती!" सगळे हसले. राजश्रीही हसली, मटण वाढून घेतलं आणि म्हणाली, "आपली माणसं वाकडं वागली, की मला घरापासूनच सुरुवात करावी लागते ना." शिवानं रस्सा वाढला आणि पुढच्या पानाकडं सरकला.

तर सुगत उठला आणि खुर्चीत बसला. आधी नुसताच बाहेर खाडीकडं बघत राहिला. मग त्यानं सुरुवात केली.

"साहेब, माझ्या अशिलानं कुणाची जात विचारली? एकाही साक्षीत नाही. जातीचा शब्द उच्चारला? नाही. त्यानं एवढंच सांगितलं की हे स्मशान गावाचं आहे आणि भाडेकरू गावचा नाही. उद्या कुणी ब्राह्मण भाडेकरू वारला, मारवाडी वारला, तरी हेच उत्तर मिळालं असतं. जवळच दुसरं स्मशान आहे, तिकडे जा, असंही सांगितलं. कायदा म्हणतो, अनुसूचित जातीच्या माणसाला अडवलं तर ते अस्पृश्यतेपोटीच अडवलं असं कोर्टानं धरून चालावं. पण कुठवर? उलट सिद्ध होईपर्यंत. मी सिद्ध करतोय. नियम सगळ्या परक्यांना सारखा आहे. यांनी एक परका दाखवावा, ज्याला या फाटकातून आत घेतलं. एक!"

त्याचा चेहरा लाल झाला होता. सोनमनं हळूच राजश्रीकडं पाहिलं. असा एकही परका त्यांना सापडला नव्हता. इमारतीतले लोक आपले मृतदेह पहिल्यापासून दुसरीकडेच नेत.

"थांबू नको," राजश्री म्हणाली.

"आणि साहेब, गावाची सोशिकता बघा." सुगतनं हरेशच्या बाजूच्या साक्षीदाराचा जबाब उचलला आणि कडवट सूर लावून वाचला. "मंडळाचा खजिनदार सांगतो, 'तिरडी दिवसभर फाटकाशी होती. गावात चूल पेटली नाही. पोरंबाळं उपाशी राहिली. एवढा त्रास काढला, तरी आम्ही कुणावर हात उचलला नाही.' हे दंगलखोर गाव आहे का, साहेब?"

"परत वाच."

"कुठलं?"

"चुलीचं."

सुगतनं परत वाचलं. राजश्रीनं हातातला चहाचा ग्लास टेबलावर ठेवला. "आई गं," ती पुटपुटली.

"काय झालं, मॅडम?"

"त्यांच्या वकिलानं हे वाक्य कशासाठी घातलं?"

"गावाला त्रास झाला, हे दाखवायला."

"तुम्ही दोघांनी काय समजून वाचलं?"

"तेच," सोनम म्हणाली. "गोंधळात स्वयंपाक राहून गेला असेल."

राजश्री उठून खिडकीशी गेली. "आणि मी वाचलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. का? लहानपणापासून बघत आले म्हणून. अरे, आमच्याकडे गावातलं माणूस गेलं, की त्याला अग्नी मिळेपर्यंत गावात चूल पेटवत नाहीत. पेटलेली असेल तर विझवतात. पण कुणासाठी? गावातल्या माणसासाठी. परक्यासाठी नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणी गेलं तर आमच्या घरी बोंबील तळणं चालूच असतं."

मग सुगत सावकाश म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी गावानं…"

"गावानं रावसाहेबांना आपलं धरलं. हरेश फाटकात उभा राहून परका म्हणत होता, आणि त्याच्या पाठीमागं अख्खं गाव त्या माणसासाठी उपाशी होतं. तू उलट्या खुर्चीत बसला नसतास, तर माझ्या कानावर हे पडलं नसतं, बाळा."

सुगतनं खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. "मी उतरू का आता खाली? घाम फुटलाय."

पण नुसत्या वाक्यानं भागणार नव्हतं. त्याचा अर्थ कोर्टात कुणीतरी सांगायला हवा होता. राजश्री वकील, ती साक्ष देऊ शकत नव्हती. शेलखारमधलंच माणूस हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोनमला घेऊन गावात गेली. गल्ल्या आता इतक्या अरुंद झाल्या होत्या की दोन्हीकडच्या गॅलऱ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. नळावर भांडी घासणाऱ्या बाईला राजश्रीनं रावसाहेबांचं घर विचारलं नाही. तिनं विचारलं, "आळीत कुणी गेलं की चूल विझवायचा निरोप कोण धाडतं?"

बाईनं डोळे बारीक केले. बाहेरच्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही. "गोजराबाय. ती काय, पायरीवर सुकट निवडते ती."

गोजराबाई आळीतली सगळ्यात वडीलधारी. नऊवारी गुडघ्याशी खोचलेली, नाकात जाड नथ. रावसाहेबांची चाळ तिचीच. आणि ती हरेश तांडेलची सख्खी चुलती.

"काकी, मी राजश्री. मढव्यांची. सरकारी वकील."

"माहीत हाय. हरेशला आत टाकाया निंगालेली ती तूच." सुपातला हात थांबला नाही. "बस. च्या पिते?"

"पिते. काकी, त्या दिवशी चुली कुणी विझवायला सांगितल्या?"

"मी. आनखी कोन सांगल?"

"का?"

म्हातारीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "का म्हंजे? आलीत मानूस मेलता. मढा फाटकाशी पडलता. मंग काय भाकऱ्या थापू?"

"तो भाडेकरू होता ना?"

"भारा देत व्हता म्हनून परका झाला?" गोजराबाई भडकली. "आमच्याकरं कोन मेला तं घरटी एक लाकूर नेतात सरनाला. माझा घोव मेला, तवा रावसायेब पयला आल्ता लाकूर घेऊन. खांद्यावर. माझा पोरगा मागशी. दर टायमाला यायचा. त्याचं लाकूर चाललं आमच्या सरनात, न् त्याला जागा नाय?"

सोनम लिहायचं विसरून ऐकत राहिली.

"हे बुधवारी कोर्टात सांगाल?" राजश्रीनं विचारलं.

सुपातली सुकट एका बाजूला झाली. म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "हरेश माझ्या दिराचा पोर. माझ्या मांडीवर मुतलाय तो. अध्यक्ष झाला न् टालक्यात हवा गेली. पन त्याला जेलात धारू मी?"

इथं राजश्रीला गोड बोलता आलं असतं. काही होणार नाही म्हणून तिनं सांगितलं असतं, तर म्हातारीनं विश्वास ठेवला असता. ती म्हणाली, "काकी, तुम्ही बोललात तर बहुतेक त्याची शिक्षा कायम राहील. महिना आहे. ते कोर्टाच्या हातात, माझ्या नाही. तुम्ही नाही बोललात तर तो सुटेल. आणि मुक्ताबाईला उद्या त्याच फाटकातून परत फिरवतील."

"मुक्ता काय म्हनते?"

"तिला त्याच वाटेनं न्यावं म्हणते. दुसरं काही मागत नाही."

गोजराबाईनं सूप उचललं आणि आत जाता जाता म्हणाली, "त्या सांजला मढा टेम्पोत घालून नेला, न् मंग आलीत चुली पेटल्या. मी भाकरी केली. घास नाय उतरला. चूल इझवली ज्याच्यासाठी, तो गेलाच नाय आमच्या इथून. कंचा बुधवार म्हनालीस?"

बुधवारी कोर्टाची खोली भरली. एका बाजूला शेलखारची माणसं, पांढरे कडक शर्ट, गळ्यात सोन्याच्या साखळ्या. दुसऱ्या बाजूला अंकुश, मुक्ताबाई आणि त्यांच्या ओळखीची चार कुटुंबं. हरेशचा वकील जयप्रकाश हा जुना मुरलेला माणूस. राजश्रीनं जादा साक्ष घेण्याचा अर्ज दिला तसा तो उठला.

"साहेब, हरकत आहे. खालच्या कोर्टात राहिलेली भोकं बुजवायला अपील नसतं."

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "चुलीचं वाक्य कुणाच्या साक्षीदाराचं आहे?"

"आमच्या, साहेब. पण—"

"मग तुमच्याच साक्षीदाराच्या वाक्याचा अर्थ मला कळायला हवा. साक्ष घेऊ. तुम्हाला उलटतपासणी आहेच."

गोजराबाई पिंजऱ्यात आली तेव्हा शेलखारच्या बाकांवर खळबळ उडाली. हरेशनं मान खाली घातली. तिनं शपथ घेतली, चूल सांगितली, लाकूड सांगितलं, जसं पायरीवर सांगितलं होतं तसंच. मग जयप्रकाश हसत पुढं आला.

"आजी, आता कुणाच्या घरात चूल आहे? सगळीकडे गॅस आहे."

"मंग गॅस बंद केला. मेल्याला काय सिलिंडर दिसतो?"

मागच्या बाकावर कुणीतरी फुस्स करून हसलं.

"म्हणजे कुणीही मेलं की तुम्ही गॅस बंद करता?"

"नाय. तुमी मेलात तं नाय करनार."

आता सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी खोकून घेतलं. जयप्रकाशही हसला, पण इथंच तो फसला. त्याला वाटलं म्हातारी बडबडी आहे, आणखी बोलू दिली तर स्वतःच घसरेल.

"बरं, शेजारच्या टॉवरमध्ये कुणी गेलं तर?"

"मागं गेल्ता ना एक. मोठा सायेब व्हता. आमच्याकरं त्या दिशी चिंबोऱ्यांचा रस्सा. हरेशच जेवला दोन टायम माझ्याकरं."

"आणि रावसाहेबांच्या वेळी हरेश जेवला नाही?"

हा प्रश्न तोंडातून निघाला आणि जयप्रकाशला तो परत गिळावासा वाटला. राजश्रीनं ते त्याच्या मानेवरून ओळखलं.

गोजराबाईनं पुतण्याकडं पाहिलं. आवाज खाली आला. "नाय जेवला. त्याच्या घरी पन चूल बंदच व्हती. त्याच्या आईनंच इझवली. फाटकातून घरी आला, पानी पिला न् परत गेला. इचारा त्याला, तो बसलाय ना समोर."

हरेश तांडेलनं वर पाहिलं नाही. शेलखारच्या बाकांवर आता कुणी हसत नव्हतं. जयप्रकाशनं कागद आवरले. "आणखी प्रश्न नाहीत."

आता युक्तिवाद. सगळ्यांना वाटलं राजश्री उठेल. तिनं सुगतकडं बघून मान हलवली.

"मी?" त्याच्या ओठांवर नुसता श्वास होता.

"त्या बाजूची प्रत्येक पायरी तू चढून आलायस. तुझ्याहून चांगला उतरणार कोण?"

सुगत उठला. हातातला कागद त्यानं टेबलावर उलटा ठेवला.

"साहेब, समोरच्या विद्वान मित्रांचं सगळं म्हणणं एका खुंटीवर टांगलेलं आहे. रावसाहेब परके होते. ती खुंटी आज अपीलकर्त्याच्याच घरच्या माणसानं काढली. गावानं त्यांच्यासाठी चुली विझवल्या. अपीलकर्त्याच्या स्वतःच्या घरातली चूल विझली. म्हणजे परका हा शब्द खोटा होता, आणि तो खोटा आहे हे बोलणाऱ्याला बोलताना माहीत होतं. आता तो शब्द बाजूला ठेवा आणि अपीलकर्त्याला विचारा, मग अडवलंत कशासाठी? त्यांच्याकडे दुसरं उत्तर नाही. आणि उत्तर नसलं की कायदा काय धरून चालतो, ते साहेबांना मी सांगायला नको."

तो खाली बसला तेव्हा सोनमनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. "दुखलं का?" "नाही." "मग तू खरंच जीव तोडून बोललास."

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. अपील फेटाळलं. शिक्षा कायम. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की ज्या दिवशी गावानं मृताला आपलं मानलं, त्याच दिवशी एका माणसानं त्याला जातीमुळं परकं ठरवलं, आणि कायदा अशाच माणसासाठी आहे. सार्वजनिक स्मशानाचं कुलूप आणि पाटी तातडीनं काढावी, असं पालिकेला कळवण्याचा आदेशही झाला. कोर्टाच्या आवारात अंकुश रडला. सुगतनं आईला फोन लावला आणि "हो गं, जिंकलो, हो, मीच बोललो" एवढंच परत परत सांगत राहिला. वरच्या मजल्यावरचे मोठे साहेब स्वतः खोलीत पेढे घेऊन आले. राजश्रीनं त्यांना मुद्दाम खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. खुर्चीची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नाही.

शेलखारला ती गेली ती पाटी उतरवताना बघायला. पालिकेची माणसं यायची होती, पण ती पोचण्याआधीच आळीतल्या बायकांनी कोयत्यानं पाटीच्या तारा कापल्या होत्या आणि कुलूपही फोडलं होतं. पाटी फाटकाला टेकून पडली होती. गोजराबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. हरेशची आई तिच्याशी बोलत नव्हती, पण तीही आली होती.

मुक्ताबाई फाटकातून आत गेली. एकटीच. सगळ्या बाहेर थांबल्या. पत्र्याच्या छपराखाली उभी राहून तिनं इकडंतिकडं पाहिलं, खाडीकडून येणारा वारा अंगावर घेतला, खाली पडलेली एक सुकी झावळी उचलून कडेला टाकली. मग बाहेर आली, पदरानं तोंड पुसलं.

"जागा बरी हाय," ती म्हणाली. "हवा येती."

"मंग काय, आताच चाललीस?" गोजराबाईनं विचारलं.

"न्हाई बाई. कोर्टानं काई तारीख दिली न्हाई." मुक्ताबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "नंबर तुमचाच पयला. तुमी मोठ्या."

"मी मेले तं लाकूर आनशील?"

"आनीन की. त्येंचं राहिलेलं आनि माजं, दोन आनीन."

गोजराबाईनं तिचा हात धरला आणि गावाकडं वळली. "चल मंग घरी. रस्सा शिजत ठेवलाय. आज कोन मेला नाय."

राजश्री त्यांच्या मागोमाग निघाली. तिलाही भूक लागली होती.